शब्दचर्चा: ‘रोग’ की ‘बिलंदर’? आणि तिसऱ्या लेव्हलच्या शाखांची मराठी नावे

प्रश्न

आम्ही पाचजण नाशिकच्या इंदिरानगरात दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रे रंगवण्याचा फाशांचा खेळ मराठीतून खेळतो. नियमांची पुस्तके इंग्रजी असली तरी टेबलावरचे बोलणे मराठी असते, त्यामुळे पात्राच्या कागदावरही मराठीच लिहावे असा आमचा आग्रह आहे. अडचण अशी की कुलपे उघडणाऱ्या, सापळे निकामी करणाऱ्या, चाहूल न देता वावरणाऱ्या पेशाचे इंग्रजी नाव (rogue) देवनागरीत लिहिले की ते ‘रोग’ होते, आणि ‘पेशा: रोग, लेव्हल ३’ हे वाचताना दवाखान्यातला केसपेपर हातात आल्यासारखे वाटते. आमच्यातल्या एकाचे पात्र आता तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे प्रगतीच्या तिसऱ्या टप्प्याला, पोचले आहे आणि त्याला पेशातली पुढची शाखा निवडायची आहे. मूळ पेशाला आणि शाखांना कोणते शब्द वापरावेत? ‘भामटा’ आम्हांला जवळचा वाटतो.

उत्तर

आपण शाखा निवडण्याच्या आधी शब्द निवडायला बसलात हे फार बरे केलेत, कारण नवा खेळाडू नियमांची पाने नंतर वाचतो आणि नावावर आधी भाळतो. नाव चुकले की निवडही चुकते, हे मी डीएम (खेळ चालवणारा) म्हणून आनंदवलीच्या आमच्या टेबलावर पाहिले आहे.

‘भामटा’ मात्र कृपया वापरू नका. आपल्या बोलण्यात तो फसव्या माणसासाठी सर्रास येतो हे खरे, पण ते एका समाजाचेही नाव आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, आणि आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आजही आहे. ‘उचल्या’चेही तसेच आहे. खेळात पेशा आपण निवडतो आणि मनात आले तर बदलतो. ज्यांना तो न निवडता चिकटवला गेला त्यांचे नाव त्या रकान्यात लिहिणे मला पटत नाही, आणि कोणाच्या टेबलावर ते दिसले तर मी तसे स्पष्ट सांगतो.

उरलेल्या शब्दांकडे वळण्यापूर्वी मूळ नावाचा प्रवास पाहावा. १९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात हा पेशा नव्हता. १९७५च्या पुरवणीत तो आला तो सरळ ‘चोर’ या अर्थाच्या नावाने; १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत आपल्याला अडवणारा शब्द हे चोर आणि भाट अशा दोघांना पोटात घेणाऱ्या गटाचे नाव झाला; आणि २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच नावाने स्वतंत्र पेशा उभा राहिला. म्हणजे खेळानेच ‘चोर’ हा शब्द मागे टाकून अधिक रुंद शब्द घेतला, आणि मराठीतही तेवढीच रुंदी हवी. ‘ठक’ अरुंद आहे, कारण ठकाचे सगळे कसब फसवण्यात असते. ‘ठकास महाठक’ या म्हणीत दोघेही एकमेकांना बनवतच असतात, भिंतीवर कोणी चढत नाही. ‘लुच्चा’ आणि ‘बदमाश’ या शिव्या आहेत. ‘बिलंदर’ मात्र असा शब्द आहे की तो उच्चारताना माणूस निम्मा रागावतो आणि निम्मे कौतुक करतो; त्याला जात चिकटलेली नाही, गुन्हा केलाच पाहिजे अशी अट नाही, आणि बाई असो वा पुरुष, रूप बदलत नाही. म्हणून मूळ पेशाला मी ‘बिलंदर’ म्हणतो.

‘चोर’ पूर्ण टाकून द्यावा असे मात्र नाही. मराठीत हा शब्द समासात पुढे लागला की त्यातला दोष पुष्कळदा गळतो आणि फक्त गुप्तपणा उरतो: चोरवाट, चोरकप्पा, चोरखिसा, चोरपावले. किल्ले पाहत हिंडणाऱ्या नाशिककराला चोरदरवाजा म्हणजे चोरांसाठी ठेवलेला दरवाजा नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे पाचव्या आवृत्तीतल्या पहिल्या शाखेला, जिचे इंग्रजी नाव आजही चोर या अर्थाचेच आहे, ‘चोर’ म्हणणे मला योग्य वाटते. ती शाखा तिसऱ्या लेव्हलला हात चलाख करते आणि चढणे सोपे करते. झटापट चालू असताना बोनस कृतीत (एका पाळीत मुख्य कृतीशिवाय मिळणाऱ्या जादा कृतीत) कुलूप उघडायचे किंवा सापळा निकामी करायचा, हे तिचे बळ आहे.

आता ज्या शब्दाने आमच्याकडे खरोखर नुकसान झाले तो सांगतो. या पेशाचा जो मुख्य हल्ला आहे, पहिल्या लेव्हलला एक सहापैलू फासा जादा देणारा आणि वाढत वाढत एकोणिसाव्या लेव्हलला दहा फासे देणारा, त्याला मी कागदावर ‘छुपा हल्ला’ असे लिहून दिले होते. दहावीतली एक मुलगी पहिल्यांदाच खेळायला बसली होती. तिच्या साथीदाराने दगडी पुलावर शत्रूला अंगाला अंग भिडवून रोखून धरले होते, आणि ही मात्र एका फेरीत खांबाआड लपायची, पुढच्या फेरीत बाण मारायची, मग पुन्हा लपायची. पहिल्या लेव्हलला लपण्यात संपूर्ण कृती खर्च होते, त्यामुळे चार फेऱ्यांत तिचे दोनच बाण सुटले. नियम पाहिला तर लपण्याची गरजच नव्हती: शत्रूपासून ५ फुटांच्या आत आपला साथीदार उभा असेल, आपल्या फाशावर प्रतिकूलता (दोनदा टाकून लहान आकडा घेण्याची सक्ती) नसेल आणि शस्त्र चपळाईचे किंवा लांबून मारण्याचे असेल, तर जादा फासे मिळतातच. तिने विचारले, “पण तुम्हीच छुपा लिहिलंय ना, काका?” आणि ती म्हणत होती ते खरे होते. त्या दिवसापासून आमच्या कागदावर ‘वर्मी घाव’ असा शब्द आहे. शत्रूचे लक्ष दुसरीकडे गुंतले असता नेमक्या जागी बसणारा वार, हा नियमाचा आशय त्यात आपोआप येतो आणि अंधाराची अट मनात उमटत नाही.

हीच कसोटी शाखांना लावावी. इंग्रजी नावाचा कोशातला अर्थ घेण्याऐवजी ती शाखा टेबलावर काय करते ते पाहावे, आणि त्या कृतीला आपल्या भाषेत आधीपासून असलेला शब्द शोधावा.

चलाखीला जादूची जोड देणाऱ्या शाखेला ‘मायावी’ म्हणावे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत तिला मिळणारे मंत्र प्रामुख्याने भ्रम आणि मोहिनी या प्रकारांतले असतात, आणि सुवर्णमृगाचे रूप घेऊन पंचवटीत आलेल्या मारीचाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या गावाला ‘मायावी’ समजावून सांगावा लागणार नाही. ‘जादूगार’ येथे चालणार नाही, कारण तो दुसऱ्याच पेशाचा शब्द आहे.

‘पटाईत’ हा माझा आवडता शब्द आहे. आज तो कोणत्याही कामात तरबेज असलेल्याला लागतो, पण पट्टा फिरवण्यात तरबेज तो पटाईत, हा त्याचा जुना अर्थ. ऐटीत एकट्याने द्वंद्व खेळणाऱ्या, साथीदार जवळ नसतानाही समोरासमोर वर्मी घाव घालू शकणाऱ्या शाखेला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही. कारस्थाने रचणाऱ्या शाखेला ‘सूत्रधार’ म्हणण्याचा मोह होतो, पण कित्येक टेबलांवर डीएमलाच सूत्रधार म्हणतात. तिथे ‘पाताळयंत्री’ घ्यावा. रानावनात पुढे जाऊन पाहणी करणारा तो ‘टेहळ्या’.

राहिला ‘मारेकरी’, आणि येथे सावध राहावे. वर्तमानपत्रांतून आपल्या मनात मारेकरी म्हणजे खून करून पळालेला, बहुधा सुपारी घेतलेला माणूस असा बसला आहे. म्हणजे शब्द परिणाम सांगतो, पद्धत सांगत नाही. २०१४च्या नियमांत या शाखेचे बळ पहिल्या फेरीत एकवटलेले आहे: ज्याची पाळी अजून आली नाही त्याच्यावर वार करताना अनुकूलता (दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळते, आणि बेसावध गाठलेल्यावर लागलेला प्रत्येक वार निर्णायक, म्हणजे दुप्पट फाशांचा, ठरतो. पहिली फेरी हुकली तर हा मारेकरी इतर बिलंदरांसारखाच. म्हणून शाखेचे नाव ‘मारेकरी’ ठेवले तरी त्या गुणाच्या रकान्यात मी ‘दबा’ लिहितो. उसात दबा धरून बसलेला बिबट्या निफाडकडच्या माणसाला माहीत असतो, आणि दबा फसला की काय होते तेही. आपला मित्र उतावळा असेल, दार दिसले की लाथ घालणारा असेल, तर त्याला ही शाखा घेऊ देऊ नका. त्याला पटाईत होऊ द्या.

शंका

आमच्याकडे अजून साडेतीन आवृत्ती (तिसरीची सुधारित) चालते. तिथे शाखा नसतात, प्रेस्टीज क्लास असतात. त्यांनाही हेच शब्द लावता येतील का? शिवाय ‘बिलंदर’ ऐकले की चेहऱ्यावर हसू येते. ज्याचे घर जळाले आहे, जो कोणाशी बोलत नाही, अशा पात्राला तो कसा शोभेल?

उत्तर

दुसरी शंका रास्त आहे. अशा पात्राच्या कागदावर तिसऱ्या लेव्हलनंतर नुसते शाखेचे नाव लिहावे. ‘टेहळ्या’ किंवा ‘मारेकरी’ यांना हसू चिकटलेले नाही.

पहिल्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘शाखा’ हा शब्द दहावीनंतरच्या शाखेसारखा आहे, ठरलेल्या टप्प्याला पोचलेल्या प्रत्येकाला ती मिळते. प्रेस्टीज क्लासला पात्रता लागते, म्हणून त्याला मी ‘प्रगत पेशा’ म्हणतो. त्या आवृत्तीत मारेकरी होण्यासाठी पात्र दुष्ट प्रवृत्तीचे असावे लागते, आणि केवळ त्या टोळीत शिरण्यासाठी एकाचा जीव घ्यावा लागतो. तिथे ‘मारेकरी’ हा शब्द वर्तमानपत्री अर्थानेच बसतो, दब्याची पुस्ती नको. याउलट शॅडोडान्सर या दुसऱ्या प्रगत पेशाला ‘छायाचर’ म्हटलेले मी पाहिले आहे, ते चूक आहे. लपण्यात १० आणि चाहूल न देण्यात ८ रँक (कौशल्याच्या पायऱ्या) लागतात तशा नृत्यातही ५ लागतात, आणि ‘छायाचर’ म्हटले की खेळाडू नेमके नृत्यच विसरतो व पुढे पात्रता अडते. ‘छायानर्तक’ म्हणावे.

आनंदवलीत बसून हे लिहिताना आनंदीबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण गाव त्यांच्याच नावाचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आणि ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार झाला. ‘छुपा’च्या जागी ‘वर्मी’ लिहायला मला एक संपूर्ण मोहीम उशीर झाला, तेव्हा तो वाक्प्रचार मनात होता.

शंका

आणि बिलंदरांची ती गुप्त भाषा? आम्ही ‘चोरभाषा’ म्हणतो.

उत्तर

‘करपल्लवी’ म्हणून पाहा. बोटांच्या खुणांनी बोलण्याला हा शब्द आपल्याकडे आहेच, डोळ्यांच्या खुणांना ‘नेत्रपल्लवी’ आहे. २०१४च्या नियमांत ती भाषा बोलण्यात दडवलेली असते आणि साधी गोष्ट सांगायला चौपट वेळ लागतो, त्यामुळे शब्द तंतोतंत जुळत नाही; पण बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, ते आपल्या टेबलावर ती लगेच वापरू लागतील.