मेड्युसाच्या सापांची टोकं भरत नाहीत

मूस:
मेड्युसाचं (ग्रीक पुराणकथेतली, केसांच्या जागी साप असलेली) मस्तक, उंची ४५ सेंमी, बारा साप. सिलिकॉन ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू), सिरॅमिक शेल (मेणाच्या मूर्तीवर चढवलेलं कवच, मेण काढून त्यात धातू ओततात), धातू ११००° सेल्सिअसला ओतला. चेहरा स्वच्छ उतरला, पण चार सापांची टोकं दोन-तीन सेंमी आधीच थांबली. कडा गोल, गुळगुळीत. दोन सापांना मुळाशी तडे. पुढच्या वेळी धातू जास्त तापवू का?

गेरू:
धातू नको, शेल तापवा. ब्राँझ फाजील तापलं की वायू शोषतं आणि थिजताना सुई टोचल्यासारखी भोकं पडतात. शेल ८५०-९०० अंशांवर भट्टीबाहेर काढा आणि लगेच ओता, पातळ भाग मिनिटभरात निवतात.
गोल कड म्हणजे धातू वाटेतच थिजला. त्यात वर वळलेल्या टोकांत हवा कोंडते, तिला वाट हवी. प्रत्येक टोकाला ३ मिमी जाड मेणाची काडी जोडून ओतपेल्याच्या (वर धातू ओतायचा पेला) उंचीपर्यंत न्या. सोळाव्या शतकातला इटालियन शिल्पकार चेल्लिनी, त्याच्या 'पर्सियस' या ब्राँझ पुतळ्यामध्ये हातातलं मेड्युसाचं डोकं छान उतरलं ते हवेच्या नळ्यांमुळे, असं तो स्वतःच सांगतो. अपुरी राहिली ती खालच्या पायाची बोटं!

छिन्नी:
तड्यांचं कारण वेगळं. साप भरीव आहेत ना? कवटीची भिंत ५ मिमी आणि साप २० मिमी जाड असेल तर मुळाशी धातू सगळ्यात शेवटी थिजतो, आकसतो आणि तिथेच फाटतो. जाड साप पोकळ करा, सांध्याला गोलाई द्या, जाड मुळाजवळ रनर (धातू आत नेणारी वाट) जोडा.
सापांमधल्या फटीही बघा. ५ मिमीपेक्षा अरुंद फटीत स्लरी (शेल बनवायचा पातळ लगदा) साचते, आतून ओली राहते आणि मेण काढताना शेल तडकतं. मेण काढायला शेल आधीच तापलेल्या भट्टीत घाला. सावकाश तापवलं तर मेण वितळण्याआधी फुगून शेल फोडतं.
खरं तर बारापैकी सात-आठ साप वेगळे ओतून जोडणं शहाणपणाचं.

मूस:
आत्ताचं मस्तक वाचेल का?

छिन्नी:
वाचेल. टोकं वेगळी ओता, टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने सांधायची पद्धत) जोडा. तडे आधी व्ही आकारात खोल कोरा, नुसते वरून बुजवू नका.

गेरू:
भरणीची सळई त्याच मिश्रधातूची घ्या, नाहीतर पॅटिना (रसायनांनी आणलेला रंग) चढवल्यावर सांध्याची रेघ उमटते. फेरिक नायट्रेटच्या तपकिरीत ती लपत नाही. खवल्यांच्या खाचांत क्युप्रिक नायट्रेटचा हिरवा दिलात तर बरीच झाकते. शेवटी कोमट असतानाच मेणाचा हात.