आशिया-युरोपातली कोणती शहरं मनात राहिली, कोणती फुस्स निघाली?

उनाडकी:
पुढच्या वर्षी मोठी सुट्टी काढून आशिया आणि युरोप, दोन्हीकडे थोडं थोडं फिरायचं म्हणतेय. याद्या वाचून वाचून कंटाळले. जिथे बघावं तिथे तेच मनोरे नि तेच पूल. तुम्ही स्वतः पाहिलेल्या शहरांपैकी कुठलं मनात राहिलं, कुठलं अगदीच फुस्स निघालं आणि का, तेवढं सांगा. संग्रहालयांत मी फार रमत नाही, चालायला मात्र आवडतं. एक अडचण आहे. आई सोबत आहे आणि तिचे गुडघे कुरकुरतात.

पायवाट:
गुडघ्यांचा विषय काढलात म्हणून लिहायला बसलो. माझा जन्म रस्त्यांच्या कामात गेला. नव्या शहरात लोक मान वर करून बघतात, मी खाली बघतो. बायको म्हणते, ह्यांना जगातल्या फरश्या दाखवा, बाकी काही नको. म्हणू दे.

मनात राहिलं ते लिस्बन. तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान दगडांचे, मधे काळ्या दगडांची नक्षी. रोसियू चौकात तर जमिनीवर नुसत्या लाटा, फार वेळ बघितलं की गरगरतं. एका चढाच्या गल्लीत दुरुस्ती चालली होती. कारागीर बुटक्या स्टुलावर बसलेला. डाव्या हाताच्या पंज्यात दगड धरायचा, उजव्या हातातल्या हातोडीने दोन टोले, नको ती कड उडाली की वाळूच्या थरात बसवायचा आणि पुढचा उचलायचा. फूटपट्टी नाही, दोरी नाही, सगळं नजरेवर. मी इतका वेळ रेंगाळलो की त्याने एक दगड माझ्या हातात देऊन "बसव" अशी खूण केली. मी बसवला. त्याने तो काढून पुन्हा नीट बसवला!

पण हाच दगड झिजून गुळगुळीत होतो आणि पावसात उतारावर पाय ठरत नाही. आईंना रबरी तळव्याचे बूट घ्या. १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला बायशा हा भाग सपाट आहे, रस्ते सरळ काटकोनात, तिथे त्या खुशाल फिरतील. २८ नंबरच्या ट्रामचं कौतुक सगळीकडे वाचाल. ती चढावर नेते हे खरं, पण गर्दी बेसुमार आणि खिसेकापूही त्याच गर्दीत.

बर्लिन देखणं नाही, आधीच सांगतो. तिथे फुटपाथच्या दगडांमध्ये मधूनमधून दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतात. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांची नावं त्याच घरांच्या दारासमोर. जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. एका दारात एकाच आडनावाचे चार होते, सगळ्यात धाकट्याचं जन्मसाल १९३८. एक बाई गुडघे टेकून फडक्याने ते घासत होती, शेजारी पॉलिशची बाटली. मी थांबलो तशी ती जरा बाजूला सरकली, मला वाचता यावं म्हणून. बोलणं काहीच झालं नाही. त्या सहलीतल्या बाकीच्या इमारती आता आठवत नाहीत.

जपानात सगळीकडे जमिनीवर अंधांसाठी पिवळ्या उठावाच्या पट्ट्या. लांब रेघा म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना किंवा रस्ता आहे. सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. आज जगभरच्या स्टेशनांवर त्यांचीच पिलावळ आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती पट्टी जाऊन थेट खांबाला धडकते. जपानात ती सरळ जिन्याच्या कठड्यापर्यंत नेऊन सोडते. असलं काही बघितलं की मला बरं वाटतं.

हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर स्कूटर उभ्या, उरलेल्या जागेत बुटकी प्लास्टिकची स्टुलं आणि वाफाळतं सूप. चालायचं रस्त्यावरूनच. रस्ता ओलांडताना एकाच संथ चालीने जायचं, मधे थबकायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन दोन्ही बाजूंनी वळतात. मला मजा आली, बायकोला नाही.

फुस्स म्हणाल तर प्राग, कारण चार्ल्स पुलावर दहा वाजता पोचलो. तिथे पहाटे जायला हवं. व्हिएन्नात नाव ठेवायला जागाच नाही, त्यामुळे आठवणही फारशी नाही.

दर्यावर्दी:
पायवाट, लिहिलंय झकास, पण सगळं बघणं खाली मान घालून? आईंना घेऊन इस्तंबूलला जा आणि एमिनोन्यूहून कादिक्योयची फेरी पकडा. वरच्या डेकवर बाक असतात, चालायचा प्रश्नच नाही. चहावाला ट्रे घेऊन फिरतो, छोट्या काचेच्या ग्लासातला बिनदुधाचा चहा. लोक सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल कड्यासारख्या पावाचे, तुकडे हवेत उडवतात आणि सीगल ते वरच्या वर झेलतात. मागे आया सोफियाचा घुमट लहान होत जातो आणि पलीकडे हैदरपाशा स्टेशन अगदी पाण्याच्या काठाला येऊन उभं. युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटं, आणि तेही रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसांबरोबर. २०१३ पासून समुद्राखालून मार्मराय रेल्वेही आहे, चार मिनिटांत पलीकडे. घाई असेल त्यांनी ती घ्यावी.

एकटी_निघाले:
व्हेनिस ठरवत असाल तर आधी विचार करा. चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या. माझ्या मावशीने दुसऱ्या दिवशी हॉटेलातून निघायलाच नकार दिला. उपाय एकच, १ नंबरच्या वापोरेतोत, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसमध्ये, बसून ग्रँड कॅनाल या टोकापासून त्या टोकापर्यंत करायचा. आणि राहायलाच जा. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे, मुक्कामाला असणाऱ्यांना ते नाही. संध्याकाळी ती सगळी गर्दी परतते. मग गल्ल्यांत बॉल खेळणारी पोरं दिसतात, तेव्हा कळतं की इथे माणसं राहतातसुद्धा.

उनाडकी:
इस्तंबूल आणि लिस्बन नक्की! पायवाटकाका, आशियात आणखी एकच जमेल. आईसाठी जपान की व्हिएतनाम?

पायवाट:
जपान. क्योतो आखीव आणि बरंचसं सपाट आहे. फक्त फुशिमी इनारीच्या देवळात पहिल्या लाल कमानींपाशी फिरून मागे वळा, वर नुसत्या पायऱ्या आहेत. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट असते, पण ती बरेचदा नेमकी दुसऱ्या टोकाच्या दाराला. गाडीत चढण्याआधीच उतरायच्या स्टेशनचा नकाशा बघून त्या बाजूच्या डब्यात बसवा आईंना. हनोईला कधी एकट्या असाल तेव्हा जा.