घर रेडिंगला, मालक वाकडला, बॉयलर बंद: लँडलॉर्डचं बॉयलर कव्हर घ्यावं का?

सांगलीकर_वाकड

सोळा वर्षं इंग्लंडात काढून २०२३ ला परत आलो. रेडिंगजवळ लोअर अर्लीत तीन बेडरूमचं घर आहे. विकायला मन होईना, म्हणून भाड्याने दिलं. एजंट फक्त भाडेकरू शोधून देणारा, बाकी सगळी देखभाल माझ्याकडे. (पूर्ण मॅनेजमेंटचे १२ टक्के वाचवले म्हणून तेव्हा फार खूश होतो.)

तर जानेवारीतली गोष्ट. शनिवारी रात्री पावणेबाराला भाडेकरूचा फोटो आला. घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरच्या प्रेशरचा काटा शून्यावर. तिकडे सव्वासहा वाजलेले, बाहेर उणे ३, घरात आठ महिन्यांचं बाळ. मी व्हिडिओ कॉलवर त्याला फिलिंग लूप, म्हणजे पाणी भरायची नळी, कुठे आहे ते दाखवलं. त्याने पाणी भरलं, काटा दीडवर आला, रेडिएटर तापले. माझी आई जागीच होती. म्हणाली, "बंबात पाणी घालायला एवढा कसला व्हिडिओ कॉल?" मला हसू आलं, पण पहाटे काटा परत शून्यावर.

रविवारी वाकडच्या गॅलरीत बसून रेडिंगच्या सात प्लंबरांना फोन लावले. एक तयार झाला. त्याचे नुसते येण्याचे १८० पौंड. मंगळवारी पार्ट आला, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बदलला, एकूण ४३० पौंड गेले. मध्ये दोन फॅन हीटर ऑनलाइन मागवून पाठवले, ते ५६ निराळे. भाडेकरू भला माणूस आहे, एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता लँडलॉर्डसाठीच्या कव्हरचे (दर महिन्याला पैसे भरायचे, बिघडलं की कंपनी माणूस पाठवते) तीन कोटेशन समोर आहेत.

पहिलं महिना १४ पौंड, पण दर वेळी दुरुस्तीला आपले ९५ पौंड आधी (यालाच एक्सेस म्हणतात). दुसरं महिना २३, एक्सेस शून्य, वर्षाची सर्व्हिस आणि गॅस सेफ्टी सर्टिफिकेट त्यातच. तिसऱ्यात नळ, गटार, वायरिंग, सगळंच आहे, ३४ पौंड. बॉयलर कॉम्बी आहे (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही एकातच), अकरा वर्षांचा, वॉरंटी कधीच संपली.

आपल्याकडे वॉटर प्युरिफायरची एएमसी घेतो तसंच हे समजायचं का? की विमा? आणि हे घेतलं की कायद्याच्या बाजूने मी मोकळा होतो का? व्हॉल्व्ह बदलल्यावर आठवडाभर ठीक होतं. आता भाडेकरू म्हणतो की काटा दोन-तीन दिवसांनी हळूच खाली येतो. म्हणून घाई आहे, या आठवड्यात कव्हर घेऊन टाकावं म्हणतो.

लेस्टरचा_भाऊ

अजिबात घेऊ नका. माझी दोन घरं भाड्याने आहेत, नऊ वर्षं झाली, एक पैसा कव्हरला दिला नाही. दर महिन्याला घरामागे २५ पौंड वेगळ्या खात्यात टाकतो. नऊ वर्षांत एक बॉयलर पूर्ण नवीन बसवला तो त्याच पैशातून, आणि वर उरलेत. या कंपन्या काय धर्मादाय चालवतात व्हय? एक चांगला माणूस गाठून ठेवा, त्याला दिवाळीला मिठाई द्या, झालं.

सांगलीकर_वाकड

भाऊ, तुमचं घर तुमच्यापासून किती लांब?

लेस्टरचा_भाऊ

एक चालत सहा मिनिटं. दुसरं गाडीने दहा.

बरं, समजलं काय म्हणताय ते.

स्विंडनचा_गॅसवाला

सांगलीकर दादा, थांबा. या आठवड्यात काही घेऊ नका. कारण पुढे सांगतो.

मी पेडण्याचा. पोर्तुगीज पासपोर्टावर इथे आलो, चार वर्षं गोदामात काढली, मग गॅसचं काम शिकलो. आता गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीवर, आहे. दोन वर्षं एका कव्हर कंपनीच्या कंत्राटावरही कामं केली, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं ठाऊक आहे.

आधी तुमचा बॉयलर. कॉम्बीमध्ये एक एक्सपान्शन व्हेसल असतं. लोखंडी डबा, आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला तुमच्या रेडिएटरांचं पाणी. पाणी तापलं की फुगतं, तो फुगवटा ही हवा झेलते. हवा गेली की झेलणारं कोणी नाही. मग तापल्यावर प्रेशर ३ बारला जातं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, पाणी भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून बाहेर सांडतं. रात्री बॉयलर थंड झाला की काटा शून्यावर. तुमच्याकडे आलेल्या माणसाने गळणारा व्हॉल्व्ह बदलला, बरोबर. पण तो गळतो कशामुळे ते बघितलं नसावं. नवा व्हॉल्व्हही आता तेच करत असेल.

भाडेकरूला सांगा, बाहेरच्या भिंतीवर बॉयलरच्या मागच्या अंगाला तांब्याची बारीक नळी खाली वाकलेली असेल. तिच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधून ठेव आणि सकाळी बघ. पिशवीत पाणी असेल तर हेच कारण. कोरडी असेल आणि तरी काटा उतरत असेल, तर एखाद्या रेडिएटरच्या सांध्यात किंवा फरशीखाली गळती शोधावी लागेल. पिशवी बांधायला कोणाची परवानगी लागत नाही, पण बॉयलरचं झाकण मात्र त्याने उघडायचं नाही. व्हेसलमध्ये हवा आम्ही पंपाने भरतो, खरंच, सायकलच्या ट्यूबला असतो तसलाच व्हॉल्व्ह असतो त्याला. पडदा फाटला असेल तर व्हेसल बदलायचं.

आता कव्हर. बहुतेक प्लॅन आधीपासून असलेला बिघाड धरत नाहीत. आज घेतलं, पुढच्या आठवड्यात माणूस आला, त्याने व्हेसल बघितलं आणि भाडेकरू सहज बोलून गेला की हे जानेवारीपासून चाललंय, तर क्लेम तिथेच संपला. लपवायचं म्हणाल तर ते नकोच, नंतर सगळी पॉलिसीच अंगाशी येते. तर आधी बॉयलर नीट करून घ्या, काय केलं ते बिलावर लिहून घ्या, मग कव्हर.

दुसरं, स्लज आणि चुना. रेडिएटरमधलं पाणी वर्षानुवर्षं लोखंड खाऊन काळं होतं, त्याचा गाळ पंप आणि हीट एक्सचेंजर तुंबवतो. आणि तुमचं रेडिंग म्हणजे खडूच्या दगडातून आलेलं जड पाणी, किटलीत पांढरा थर बसतो तो आठवत असेलच. तोच थर बॉयलरमध्ये नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेटवर बसतो. पुष्कळ प्लॅनमध्ये या दोन्हीपासून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. कंत्राटावर होतो तेव्हा आमच्या फॉर्मवर त्याची वेगळी चौकटच होती. तिच्यात खूण केली की पुढचा खर्च घरमालकाचा. खूण करून परत निघताना घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नसे. तुमच्या बॉयलरखाली मॅग्नेटिक फिल्टर आहे का बघा. नसेल तर व्हेसलच्या कामाबरोबरच बसवा.

तिसरं, वय. दुरुस्ती महाग पडली की "दुरुस्त करण्यात अर्थ नाही" असं म्हणून कंपनी हात वर करते. त्यानंतर नवीन बॉयलर देणार, थोडी रक्कम देणार की काहीच नाही, हे अकरा वर्षांच्या बॉयलरला फार महत्त्वाचं. तेवढं पान नीट वाचा.

आणि कायद्याचं. कव्हर घेतलं म्हणून तुम्ही मोकळे होत नाही. १९९८ च्या गॅस सेफ्टी नियमांप्रमाणे दर १२ महिन्यांनी गॅस सेफवाल्याकडून तपासणी, २८ दिवसांत भाडेकरूला प्रत, नवीन भाडेकरूला राहायला येण्याआधी प्रत, आणि दोन वर्षं कागद जपायचे. ही जबाबदारी मालकाची, कंपनी तारीख विसरली तरी मालकाचीच. तारखेच्या आधी दोन महिन्यांत केव्हाही तपासणी केली तरी जुनी तारीख टिकते, म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना ऑक्टोबरातच उठवतो. डिसेंबरात कोणी मोकळा नसतो.

शिवाय सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हिस नव्हे. सर्टिफिकेट सांगतं की हे उपकरण माणूस मारणार नाही. ते थंडीत चालेल की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २३ वाल्या प्लॅनमध्ये दोन्ही खरंच आहेत का, की एकाच फेरीला दोन नावं दिलीत, ते विचारा.

कोव्हेंट्रीतली_मी

काका, मी भाडेकरूच्या बाजूने सांगते. विद्यार्थी असताना आम्ही पाच जणी एका घरात होतो. फेब्रुवारीत बॉयलर गेला. मालकाकडे कव्हर होतं, पण ते स्वतः राहत्या घरासाठी असतं तसलं. कंपनी म्हणे पॉलिसीधारकाशीच बोलणार, आणि मालक सुट्टीवर तेनेरिफेला. तीन दिवस आम्ही किटलीने पाणी तापवून आंघोळी केल्या. पाच जणी, एक किटली, आणि त्यात एकीची रोज केस धुवायची सवय!

तर असं बघा की भाडेकरू थेट फोन करू शकतो, चोवीस तास, आणि काम मंजूर करायला तुमच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. तुमच्या रात्री दोनला तिकडे साडेआठच वाजलेले असतात.

आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत मालकाने लावायचाच असतो. गॅसचा वास आला तर कव्हरवाल्यांना नाही, ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा, हे भाडेकरूला माहीत असू दे. आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलेलं होतं. तेवढं एक त्या मालकाने बरं केलं होतं.

जमाखर्च

कराचं थोडक्यात. कव्हरचा हप्ता, एक्सेस आणि दुरुस्ती, तिन्ही ब्रिटनच्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतात. जुन्या बॉयलरच्या जागी त्याच तोडीचा नवा बसवला तर तोही सहसा दुरुस्तीतच धरतात. बिलं ठेवा. भारतात मात्र घरभाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट, हप्त्याची वेगळी सूट नाही.

महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. तुम्ही आता अनिवासी लँडलॉर्ड. एनआरएल१ फॉर्म (भाडं कर न कापता मिळावं म्हणून करायचा अर्ज) भरून एचएमआरसीची, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याची, मंजुरी घेतलीये का? घेतली नसेल आणि भाडं एजंटमार्फत न येता थेट तुमच्याकडे येत असेल, तर आठवड्याला १०० पौंडांच्या वर भाडं असताना २० टक्के कर कापून भरायची जबाबदारी त्या बिचाऱ्या भाडेकरूवर येते.

सांगलीकर_वाकड

@जमाखर्च, एनआरएल१ निघायच्या आधीच भरला होता. आयुष्यात वेळेवर केलेली एवढीच गोष्ट.

@स्विंडन, पिशवी बांधायला सांगितली. सकाळी फोटो आला, पिशवी नारळासारखी लटकलेली, अर्धी भरलेली. रेडिंगचाच एक गॅस सेफवाला शोधला, त्याचा नंबर रजिस्टरवर तपासला, कार्डाच्या मागची बाजूही (कोणती कामं करता येतात ते तिथे असतं) भाडेकरूकडून बघून घेतली. व्हेसलचा पडदा फाटलेलाच होता. जागेवर बदलायचं तर सगळा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागणार होता, म्हणून त्याने बाहेरून दुसरं व्हेसल जोडलं आणि मॅग्नेटिक फिल्टर बसवला. ३१० पौंड. फिल्टर पहिल्यांदा साफ केला तेव्हा निघालेल्या काळ्या चिखलाचा फोटो आईला दाखवला. म्हणाली, "आपला बंब दर दिवाळीला चिंचेने घासत होते मी."

नऊ दिवस झाले, पिशवी कोरडी.

आता कव्हर. भाऊंचं गणित मीही मांडून बघितलं. २३ पौंडांचे वर्षाला २७६. त्यातली सर्व्हिस आणि सर्टिफिकेट बाहेरून करायची तर या माणसाने १३० सांगितले. म्हणजे उरलेले १४६ मी मोजणार ते शनिवारी रात्री कोणीतरी फोन उचलावा म्हणून. लेस्टरला राहत असतो तर दिले नसते. वाकडहून देतो. ३४ वाला सोडला, त्यातलं गटार वगैरे माझ्या घराच्या विम्यात आधीच आहे. १४ वाल्यात भाडेकरूला फोन करता येतो, पण ९५ पौंडांचं कार्ड पेमेंट त्याच वेळी मागतात, म्हणजे ते त्या पोराच्याच खिशातून जाणार. नको.

२३ वाल्यांना तुमचे सगळे प्रश्न मेलवर विचारले, उत्तरं लेखी घेतली. व्हेसलचं बिल आधीच पाठवलं. सर्व्हिस आणि सर्टिफिकेट दोन्ही आहेत, एकाच फेरीत पण कागद दोन. स्लज वगळलेलाच आहे. बॉयलर दुरुस्तीपलीकडे गेला तर नवा देणार नाहीत, २५० पौंड देतील. म्हणून भाऊ, तुमची युक्तीही उचलली. महिना २५ वेगळ्या खात्यात, नव्या बॉयलरसाठी.

एकच राहिलं. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी माझी आहे, भाडेकरूची नाही. यांच्या सर्टिफिकेटात फक्त बॉयलर धरलाय, शेगडीचे जादा १५ पौंड म्हणतात. ती तपासावीच लागते का?

स्विंडनचा_गॅसवाला

मालकाची असेल तर लागतेच. पंधरा पौंड भरा, दादा.