इटलीतल्या समुद्रकाठच्या रिमिनीला राहून आलात का? अनुभव लिहा

मीच सुरू करते. बोलोन्याला शिकत असताना उन्हाळ्यात ट्रेनने गेले. स्टेशनच्या एका बाजूला जुनं गाव, तो इ.स. 21 मधला रोमन सम्राट टिबेरियसचा पूल वगैरे, आणि समुद्र रुळांच्या पार पलीकडे! गाव आधी कोळ्यांचं, वाळूला कोण विचारतंय. 1843 ला समुद्रस्नानासाठी पहिलं स्नानगृह निघालं, 1861 ला रेल्वे आली आणि वाळूला सोन्याचा भाव. आता सगळा किनारा नंबर टाकून वाटलेला, त्या एकेका तुकड्याला बान्यो म्हणतात. मला पाचव्या रांगेतली छत्री मिळाली, समोर समुद्र कमी आणि टकली जास्त.

पाचवी तरी मिळाली! आम्ही जानेवारीत गेलेलो, आइस्क्रीमच्या प्रदर्शनाला (हो, जानेवारीतच भरतं). ओळीने हॉटेलं, सगळ्यांची शटर खाली, कुत्रं नाही रस्त्यावर. शेवटी एका टपरीवर पियादा खाल्ला, म्हणजे जाडसर पोळी तव्यावर भाजून आत चीज. बायको म्हणे मी घरी करते तेव्हा खात नाहीस.

आम्ही एका आजींच्या पेन्सिओनेत, म्हणजे छोट्या घरगुती हॉटेलात, उतरलेलो. दुसऱ्या महायुद्धात बाँबनी गाव जवळजवळ सपाट झालेलं, नंतर घरोघरी खोल्या भाड्याने द्यायला लागले. आजी सांगत होत्या, सीझनला आई आम्हा पोरांना तळघरात झोपवायची आणि आमच्या पलंगांवर जर्मन गिऱ्हाईक. मग 1989 ला समुद्रावर शेवाळाचा चिकट फेस आला, बुकिंगं धडाधड कॅन्सल. अंगणातली अंजिराची झाडं तोडून यांनी स्विमिंग पूल बांधला तो त्यानंतर. स्विमिंग पूलचं कौतुक एका वाक्यात उरकलं, अंजिरांबद्दल मात्र अर्धा तास.

शेजारच्या सान मारिनो या चिमुकल्या देशाच्या रस्त्यावर गुरखा वॉर सिमेट्री आहे तिथे उतराच, मी बस सोडून उतरलो. हिंदी सैन्यातली पोरं झोपलीत. इटलीत लढलेले आपले नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचे, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी, 9 एप्रिल 1945. ती नदी इथून फार लांब नाही. खाली बीचवर हे कुणाच्या गावीही नसतं.

जूनमधे जातोय, मुलगा चार वर्षांचा. पाणी खोल आहे का?

छे हो, बरंच आत गेलं तरी कमरेएवढंच. मला पोहता येत नाही तरी सासरी सांगितलंय एड्रियाटिक समुद्रात पोहून आले.