टाकीवरचा लोरा नोड : दोन जुने १८६५० सेल आणि सोलर जोडलं तर चालेल का?

टाकीवाला :
नमस्कार मंडळी. पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारा एक लोरा नोड बसवलाय (लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारा रेडिओ). ईएसपी३२-एस३ (मुख्य चिप) आणि एसएक्स१२६२ (लोरा रेडिओ चिप) असलेला तयार बोर्ड, ३.३ व्होल्टवर चालणारा अल्ट्रासोनिक सेन्सर आणि २००० एमएएचची चपटी लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी). दर १५ मिनिटांनी एक छोटं पॅकेट पाठवतो आणि डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत, जवळजवळ बंद) जातो. तरी महिना-सव्वा महिन्यात बॅटरी बसते. दरवेळी टाकीवर चढून ती काढा, चार्ज करा, परत लावा, याचा कंटाळा आलाय.

बेत असा आहे : जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले दोन १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, गोल लिथियम सेल) पॅरलल, ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल, मध्ये टीपी४०५६ चार्जर मोड्यूल आणि सगळं एका वॉटरप्रूफ डबीत बंद. डबीवर दिवसभर ऊन असेल. आग-बिग लागणार नाही ना? आणि बोर्डावरच्या बॅटरी कनेक्टरला कुठलीही जेएसटी (छोट्या प्लगची) वायर चालते का?

सोल्डरधूर :
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात बोर्ड एका सेकंदात जातो. नाही, कुठलीही वायर चालत नाही. एक म्हणजे पिनांमधलं अंतर वेगळं असतं, काही बोर्डांवर १.२५ मिमी, काहींवर २ मिमी. दुसरं, प्लस कुठल्या बाजूला हे बॅटरीवाले आणि बोर्डवाले आपापलं ठरवतात. वायर लाल आहे एवढ्यावर विसंबू नका. मल्टिमीटर लावून बॅटरीचा प्लस बघा, बोर्डावरच्या खुणेशी ताडून बघा, मगच खोचा. उलटं निघालं तर सुईने प्लॅस्टिकची जीभ किंचित उचलून एक पिन बाहेर ओढा, तिला लगेच टेप गुंडाळा आणि मग दुसरीला हात लावा. दोन्ही तारा एकाच वेळी कटरमध्ये धरून कापू नका, कटर म्हणजेच शॉर्ट.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला मोठी बॅटरी नकोच आहे. हिशोब बघा. २००० एमएएच सव्वा महिन्यात संपतात म्हणजे दिवसाला बावन्नच्या आसपास. तुमची दिवसाला ९६ पॅकेटं. प्रत्येकाला ३ सेकंद जाग आणि सरासरी ५० मिलिअँप, असं सढळ हाताने धरलं तरी दिवसाचे ४ एमएएच. उरलेले ४८ कुठे जातात? झोपेत. चोवीस तासांत ४८, म्हणजे झोपलेला बोर्ड २ मिलिअँप पितोय. रेडिओला सगळे दोष देतात. पूर्ण ताकदीने, २२ डीबीएमवर, पाठवताना तो ११८ मिलिअँपच्या घरात जातो हे खरं, पण एसएफ७ ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, आकडा मोठा तितकं पाठवणं संथ) छोटं पॅकेट साठेक मिलिसेकंदांत उरकतं. (एसएफ१२ वर असाल तर तेच दीड सेकंदाच्या आसपास जातं, तेवढं तपासा.)

ईएसपी झोपला म्हणजे रेडिओ झोपला असं नसतं. एसएक्स१२६२ ला वेगळी स्लीपची आज्ञा द्यावी लागते. ती दिली नाही तर तो स्टँडबायमध्ये ०.६ मिलिअँप खात बसतो, दिली तर १ मायक्रोअँपच्या आसपास. मग सेन्सर : त्याचा सप्लाय कायम चालू आहे का? त्याच्यावर एखादा लाल एलईडी जळतोय का?

हा झोपेतला करंट मोजताना एक गंमत होते. मीटर मायक्रोअँप रेंजवर ठेवून बोर्ड चालू केला की सुरुवातीच्या झटक्याला मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होत राहतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांना आडवी एक जंपर वायर लावा, बोर्ड चालू होऊन झोपू द्या, मग जंपर काढून आकडा वाचा. परत जागा व्हायच्या आत जंपर लावा.

सोलरचं नंतर बोलू. आधी हा आकडा टाका इथे.

रानवारा :
मी म्हणेन सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट वापरा. उन्हात लिपोपेक्षा केव्हाही बरी, पेटण्याची भीतीही खूप कमी.

सोल्डरधूर :
@रानवारा, सेल चांगलाच आहे, पण अर्धाच सल्ला दिलात. तो ३.६५ व्होल्टला भरतो आणि या बोर्डांवरचा चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत ढकलतो. तो सेल बॅटरी कनेक्टरला लावून कुणी यूएसबी खोचली की ओव्हरचार्ज सुरू. वेगळा चार्जर असेल तरच त्या वाटेला जा. तीच गोष्ट ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल सेलची. तो चार्ज करायचाच नसतो, आणि यूएसबीला हे माहीत नसतं.

टाकीवाला :
मोजलं. झोपेत २.१ मिलिअँप! रेडिओला स्लीप दिल्यावर १.५. सेन्सरवर खरंच एलईडी होता. सेन्सरचा सप्लाय बोर्डाच्या व्हीईएक्सटी पिनवरून (ही प्रोग्राममधून चालू-बंद करता येते) घेतला आणि झोपायच्या आधी ती पिन बंद केली. आता ६० मायक्रोअँप दिसतायत. विश्वास बसेना म्हणून मीटरची बॅटरी बदलून पुन्हा बघितलं.

सोल्डरधूर :
मग दिवसाचा खर्च साडेपाच एमएएच झाला. २००० एमएएचला कागदावर वर्ष निघतं. बॅटरी आपोआप उतरते ते धरून आठ-नऊ महिने म्हणा. आता मला सांगा, सोलर कशाला? लिथियम बॅटरीला बरीचशी इजा चार्ज होताना होते. शून्य अंशाच्या खाली चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतो. ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नये, आणि उन्हातली बंद डबी ते सहज ओलांडते. टीपी४०५६ ला तापमान बघायची पिन असते, पण बाजारातल्या मोड्यूलवर ती बहुतेक ग्राउंडला जोडून टाकलेली असते. म्हणजे डबी तापो की गोठो, तो भरतच राहणार. तुमच्या डबीतून चार्जरच काढून टाकला तर हा सगळा प्रश्न खाली, टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर येतो.

लॅपटॉपमधले सेल मी वापरणार नाही. २ व्होल्टच्या खाली जाऊन आलेला सेल वरून ठणठणीत दिसतो, आत तांबं विरघळलेलं असतं. दोघांचं व्होल्टेज वेगळं असताना पॅरलल केले तर जोडताक्षणी एक दुसऱ्यात भसाभस ओततो. आणि १८६५० चा अख्खा डबा मायनस असतो, वरची कडसुद्धा, प्लसच्या टोपीपासून केसभर अंतरावर. आवरण तिथे फाटलं असेल तर होल्डरची पत्रीच शॉर्ट करते. प्रोटेक्शन असलेला एक नवा सेल घ्या, होल्डर जरा लांब बघा, कारण तो साध्यापेक्षा काही मिमी लांब असतो.

पातळतार :
सोलर सरसकट नको म्हणू नका हो. माझा रिपीटर (इतरांची पॅकेटं पुढे पाठवणारा नोड) सतत ऐकत असतो, त्याला झोप नाही. फक्त एक जपा : बॅटरी पार उतरली की सकाळी थोडं ऊन येतं, बोर्ड उठतो, ट्रान्समिट करतो, व्होल्टेज कोसळतं, रीसेट, परत उठतो. दिवसभर हेच, आणि त्यात फ्लॅशमधली सेटिंगं उडतात. मी ३.३ व्होल्टला सगळं बंद करतो आणि ३.६ च्या वर गेल्याशिवाय उठू देत नाही. मोड्यूलवरचं प्रोटेक्शन २.४-२.५ ला तोडतं, ती रोजची सीमा नव्हे. आणि सोलरला टीपी४०५६ ऐवजी सीएन३०६५ चार्जर बघा, कमजोर पॅनेल असलं तर तो आपला करंट कमी करून घेतो.

टाकीवाला :
सोलर रद्द. फक्त एक, जुनी लिपो काढली तर मध्यभागी जराशी फुगल्यासारखी वाटतेय, बोटाने दाबलं की मऊ लागते. अजून ३.९ व्होल्ट दाखवते. टेबलावर वापरू का?

सोल्डरधूर :
नाही, आणि दाबूही नका. व्होल्टेज चांगलं दाखवते म्हणून ती चांगली होत नाही. कनेक्टरला टेप लावा, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा घराबाहेर ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी पाउच (अशीच चपटी लिपो) लावणार असाल तर डबीत तिच्यावर बोटभर जागा मोकळी सोडा आणि झाकणाच्या स्क्रूची टोकं आत कुठवर येतात ते आधी बघून घ्या.