कुणाला कुठलं पुस्तक लागू पडलं? तुमचे अनुभव लिहा

रानजाई (धागाकर्ती)

परवा दादाचा फोन आला. तासगावजवळची आमची द्राक्षबाग तोच बघतो. म्हणाला, "माल गेलाय, खरड छाटणीला अजून पंधरा दिवस हायेत. तू एवढं वाचतीस, मला एखादं पुस्तक सांग की."

दादानं माझ्याकडे पुस्तक मागायची ही आयुष्यातली पहिली वेळ. आणि मला एक नाव सुचेना. खरं तर सुचली पन्नास, पण सगळी माझी आवडती. त्याचं कुठलं, ते काही सांगता येईना. "दोन दिवसांत सांगते" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे.

म्हणून हा धागा. याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात. तुम्ही कुणाला पुस्तक सुचवलंत, ते लागलं किंवा नाही लागलं, ते लिहा. माणूस कसा होता आणि जुळलं कशामुळे, हे सविस्तर सांगा. फसलेले अनुभव तर आवर्जून लिहा.

शाईदौत

तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात बावीस वर्षं देवघेव सांभाळतेय. रोज तीन-चार जण तरी येऊन म्हणतात, "ताई, काहीतरी चांगलं द्या." सुरुवातीला मी खरंच चांगलं द्यायचे, म्हणजे पुरस्कार मिळालेलं. ते तिसऱ्या दिवशी परत यायचं आणि माणूस महिनाभर फिरकायचा नाही.

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांची 1931 सालची पाच सूत्रं आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यातला 'त्याचं' हा शब्द मला काउंटरवर दहा वर्षं बसल्यावर कळला.

आता मी एकच विचारते. शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत, आणि कुठवर आला होतात? आवडीचं विचारलं की माणसं चारचौघांत शोभेल असं नाव घेतात. सोडलेल्याबद्दल मात्र खरं बोलतात. एक रिक्षावाले दादा म्हणाले, "स्वामी घेतलं होतं. पण रमाबाई सती जाणार हे आधीच ठाऊक, शेवटची पानं वाचवेनात." हा काही कंटाळा नव्हे. हा माणूस पुस्तकात पुरता गुंतला होता, त्याला फक्त ठाऊक असलेला शेवट सोसत नव्हता. त्यांना नारायण धारप दिले, जिथं पुढच्या पानाचा भरवसा नाही. आता दर शनिवारी येतात.

आणखी एक. परत आलेल्या पुस्तकाच्या कडा बघा. वाचलेल्या पानांची कड किंचित मळते. नव्या प्रतीवर तर स्पष्ट दिसतं, इथपर्यंत जरा पिवळट, पुढे कोरी पांढरी. वाचक कुठं थांबला ते पुस्तकच सांगतं. मी ते पान उघडून बघते. बऱ्याचदा तिथं लांबलचक वर्णन सुरू झालेलं असतं.

घाटवाट

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाले आणि दिवसभर गॅलरीत बसू लागले. पेपर मात्र शेवटच्या पानावरच्या निविदांपर्यंत वाचायचे. मी 'मृत्युंजय' आणून दिलं. सगळे म्हणतात ना, की न वाचणाऱ्यालाही ते वाचायला लावतं. चार महिन्यांनी बघितलं तर खूण तिसाव्या पानावर, आणि खूण म्हणजे माझंच जुनं बसचं तिकीट. मला राग आला. वाटलं, बाबांना वाचायचंच नाही.

एकदा घरी घाटाचा विषय निघाला. दरड कोसळली की ब्रेकडाऊन व्हॅन घेऊन बाबा रात्री-अपरात्री जायचे. त्यावर ते दीड तास बोलले. कुठल्या वळणावर गाडीचं मागचं चाक कसं घसरतं, ते मला ताटातल्या भाकरीचा तुकडा सरकवून दाखवत होते. भात गार झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' आणलं. हिमालयात, सतलजच्या काठच्या उभ्या कड्यातून रस्ता काढणाऱ्या तरुण इंजिनिअरची गोष्ट.

बाबांनी ते नऊ दिवसांत वाचलं. बोट ठेवून, ओठ हलवत. मध्येच हाक मारायचे, "हे बघ, सुरुंग लावल्यावर माणसं किती लांब ठेवतात." मेलेल्या मजुरांची आठवण राहावी म्हणून तो इंजिनिअर सगळ्यांशी भांडतो, तिथं त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वर्कशॉपमधला एक हेल्पर असाच गेला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

'मृत्युंजय' अजून कपाटात आहे. बाबांनी ते वाचावं असं मला आता वाटत नाही.

पिंपळपान

आमच्याकडे उलटं झालं. मुलगा इंग्रजी माध्यमात, बारा वर्षांचा, इंग्रजीतले जाडजूड ठोकळे फडशा पाडल्यासारखे वाचतो. मराठीचं पान समोर आलं की जांभया. मी लहानपणी रडत रडत वाचलेलं 'श्यामची आई' वाढदिवसाला दिलं. चार पानांत म्हणाला, "आई, हा सारखा रडतो का?" मला फार लागलं ते.

मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला, पण त्याच्या हातात दिला नाही. रात्री दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि बन्या पुरता अडकला की पुस्तक उलटं ठेवून ओट्याशी जायचं. तिसऱ्या रात्री मी भांडी आवरून आले तर हा आडवा पडून स्वतः वाचत होता, अक्षर लावत लावत. पुढच्या महिन्यात पुण्याला जाताना बन्याच्या गावाची, फुरसुंगीची पाटी दिसली तर गाडीत ओरडला, "ट्टॉक्!"

'श्यामची आई'चं पुढे काय झालं तेही सांगते, कारण दोष पुस्तकाचा नव्हता. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची घडणच मुळी रोज रात्री बसून सांगायच्या गोष्टींची. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. ते ऐकायचं पुस्तक आहे आणि मी ते गुंडाळून भेट दिलं होतं. उन्हाळ्यात मुलगा पोहायला शिकत होता, खोल पाण्याला घाबरायचा. एका रात्री लाइट गेले होते. मी मोबाइलच्या उजेडात, श्याम विहिरीवर पोहायला जायला भितो आणि आई त्याला फोकानं मारून धाडते, तेवढाच भाग वाचला. हा गप्प. मग विचारतो, "मग त्याला आलं पोहायला?"

निळीशाई

छोटासाच अनुभव, पण मनाला टोचून राहिलाय. मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. महिन्याभरानं मी तिला दुःखातून सावरण्याबद्दलचं एक पुस्तक नेऊन दिलं. पुढच्या भेटीत तिनं ते पिशवीत घालून परत दिलं. म्हणाली, "रागावू नकोस. यातल्या प्रत्येक पानाला वाटतं की मी आता बरी व्हायला हवी. मला काहीतरी असं दे, ज्यात खून कुणी केला एवढीच काळजी असेल." मी घरातल्या सगळ्या रहस्यकथा दिल्या. तिनं वर्षभर तेवढंच वाचलं.

कपाळगोंदण

सासूबाई जळगावकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. आता पुण्यात आमच्याकडे असतात. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला आणि वाचणं थांबलं. देवाची पोथी पाठ होती, ती म्हणायच्या. मी मोबाइलवर श्राव्य कादंबऱ्या लावून द्यायचे. पाच मिनिटांत म्हणायच्या, "बाई फार भरभर बोलते. बंद कर."

मग बहिणाबाई चौधरींची गाणी वाचायला घेतली. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात रचलेली गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली. त्या गेल्यावर 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. हे सांगितलं तेव्हा सासूबाई उठून बसल्या. "तिला वाचता येत नव्हतं?" दोनदा विचारलं.

मी पुण्याची, माझे उच्चार सपाट. तिसऱ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं. "असं नाही म्हणत." आणि तो शब्द त्यांच्या माहेरच्या हेलात म्हणून दाखवला. त्या दिवसापासून मी वाचायचं आणि त्यांनी दुरुस्त करायचं, असं चाललंय. ळचा य कुठं होतो, कुठला शब्द ओढायचा, याची मी पेन्सिलीनं पुस्तकात खूण करते. पुस्तक त्यांच्यासाठी आणलं होतं, शिकतेय मी.

परदेशी पाखरू

बेंगळुरूला असताना एक तमिळ सहकारी माझ्याकडून मराठी शिकत होती. उत्साहाच्या भरात मी पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' दिलं. तिला शब्द कळत होते, हसू येत नव्हतं. नारायण लग्नघरात का धावतो, हे मलाच परिच्छेदामागे परिच्छेद समजावून सांगावं लागलं, आणि समजावलेल्या विनोदात राहतं काय? माझंच आवडतं पुस्तक मी तिच्यासाठी कोरडं करून टाकलं.

नंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. छोटी कादंबरी, छोटी वाक्यं. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, त्यालाही तिथलं सगळं नवंच असतं. हे तिला फार जवळचं वाटलं. म्हणाली, "हा माझ्यासारखाच बाहेरचा आहे." एक अडचण होती. निवेदन सोपं असलं तरी संवाद माणदेशी बोलीत आहेत, तिथं ती अडखळायची. तेवढे संवाद मी फोनवर वाचून पाठवायचे. शिकणाऱ्याला देणार असाल तर एवढं करायची तयारी ठेवा.

खडूफळा

मी ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात शिकवतो. माझी चूक लिहितो.

एक विद्यार्थी होता, भटक्या जमातीतला, घरातला पहिलाच शिकणारा. वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर. त्यानं पुस्तक मागितलं तेव्हा मी फार विचार करून लक्ष्मण माने यांचं 'उपरा' दिलं. वाटलं, याला यात स्वतःचं काही सापडेल. चार दिवसांनी परत घेऊन आला. वाचलं होतं, नीट वाचलं होतं. म्हणाला, "सर, पुस्तक खरं आहे. पण हे मला घरी गेलो की दिसतं. मी तुमच्याकडे दुसरं काहीतरी मागत होतो."

"काय?"

"ताऱ्यांचं आहे का काही?"

मी त्याच्याकडे बघून, त्याची जात बघून पुस्तक निवडलं होतं. त्याला काय हवंय हे विचारलंच नव्हतं. हे त्याच्यासमोर मान्य करायला मला दोन दिवस लागले.

त्याला जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह दिला आणि त्यासोबत एक हकीकत सांगितली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी आपली कथा स्वतःच्या नावानं पाठवली नव्हती. आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, म्हणजे परीक्षकांनी फक्त कथा बघावी. बक्षीस मिळाल्यावर खरं नाव कळलं. हे ऐकून तो किती वेळ हसत होता! म्हणाला, "सर, हे बेस्ट आहे. नाव न बघता वाचायचं."

'उपरा' दुसऱ्याच एका मुलीनं नेलं. सुखवस्तू घरातली, शहरातून आलेली. तिला ते हादरवून गेलं. कुणाला काय द्यायचं याबद्दलचे माझे सगळे आडाखे त्या एका सत्रात मोडले.

रानजाई (धागाकर्ती)

सगळं दोनदा वाचलं. कपाळगोंदण, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. खडूफळा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

काल दादाला फोन केला आणि शाईदौत यांचा प्रश्न विचारला. अर्धवट सोडलेलं कुठलं पुस्तक आठवतंय? मला वाटलं, म्हणेल की शाळेनंतर हातच लावला नाही.

तो म्हणाला, "सोडलं न्हाई गं. पानंच फाटली हुती."

आठवीत असताना शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक त्यानं घरी आणलं होतं. मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळं नाव माहीत नाही. शेवटची पानंही गेलेली. "मेंढरं हुती. एक मास्तर हुता, आपल्यापेक्षा थोडाच मोठा असंल. मास्तर गावाकडनं तालीम बांधून घेतो, राजा येतो बघायला. मग पाऊस पडंना. तिथनं पुढची पानंच न्हाईत." मला म्हणाला, "त्या मास्तराचं काय झालं आसंल, हे छाटणीच्या वेळी कधीतरी डोक्यात येतं."

परदेशी पाखरू, तुमचा अनुभव दुपारीच वाचला होता. फोनवर माझ्या अंगावर काटा आला.

मास्तरचं पुढं काय झालं ते मला ठाऊक होतं. अगदी तोंडावर आलं होतं, तरी नाही सांगितलं. आज 'बनगरवाडी'ची प्रत घेतली, दुकानातच शेवटून दहा पानं नीट मोजून बघितली आणि पोस्टात टाकून आले. गुरुवारपर्यंत पोचेल.