जर्सीवर शिवलेलं पॉपी: दान की हजेरी?

लेस्टरवाली

ऑक्टोबर संपत आला की मी रेल्वे स्टेशनच्या दाराशी, माजी सैनिकांना मदत करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेचा डबा आणि पॉपी नावाच्या लाल कागदी फुलांचा ट्रे घेऊन उभी राहते. यंदाचं सहावं वर्ष. फुलाला किंमत नसते. कुणी एक पौंड टाकतं, कुणी पाच, कुणी खिशातली चिल्लर. कुणी काय टाकलं हे मी पाहत नाही, पाहायचंही नसतं.

गेल्या शनिवारी फुटबॉलचा सामना होता, स्टेशन खच्चून भरलेलं. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ आले, बोलण्याचा ढंग आयरिश. वीसची नोट घडी करून डब्यात सरकवली. मी फूल पुढे केलं तर म्हणाले, "ते नको. पैसे माणसांसाठी दिलेत." आणि चालू लागले. मागून सामन्याला निघालेले दोन तरुण येत होते. त्यांनी हे पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर शिवी हासडली. दोघांच्या अंगात पॉपी असलेली जर्सी होती. डब्यात दोघांनीही काही टाकलं नाही. तेव्हापासून झोप नीट नाही, म्हणून इथे लिहितेय.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: पहिल्या महायुद्धात तोफांनी उकरलेल्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या मातीत ही लाल फुलं उगवली. पॉपीचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उलथली की रुजतं. 1921 साली लीजनने पहिल्यांदा ही फुलं विकून 1,06,000 पौंड जमवले, जखमी सैनिक आणि विधवांसाठी. वर्षभरातच जायबंदी झालेल्या सैनिकांच्या हातून फुलं बनवून घेणारा कारखाना निघाला. म्हणजे मुळात हे फूल ही मदतीची पोचपावती. आता दर नोव्हेंबरला प्रीमियर लीगच्या संघांच्या जर्सीवर ते शिवलेलंच येतं, आणि एखाद्या खेळाडूने नको म्हटलं की मैदानभर हुर्यो.

माझं म्हणणं एवढंच: जे न देण्याची मोकळीक नाही, ते दान नव्हे. खेळाडूच्या छातीवरून त्याचं मन मोजायचा अधिकार प्रेक्षकाला कुणी दिला?

अपशिंगेकर

ताई, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण पूर्ण असहमत.

पहिलं म्हणजे त्या पोरांनी आधी कुठल्या डब्यात पैसे टाकले नसतील हे कशावरून? तुम्हीच म्हणता की कोण काय टाकतं ते पाहायचं नसतं. शिवी वाईटच, तिचं समर्थन नाही. पण दोन उर्मट पोरांवरून अख्ख्या प्रथेचा न्याय करू नका.

दुसरं, मी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचा. आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्तंभ गावात उभा आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना हात आपोआप छातीशी जातो. कुणी विचारत नाही की बाबा, तुझी इच्छा आहे का. काही गोष्टी गाव म्हणून करायच्या असतात. फुटबॉलचा संघ हेही एक गावच. अकरा जण एकच जर्सी घालतात, त्यावर जुगार कंपनीचं नाव असलं तरी घालतात. मग मेलेल्या सैनिकांसाठी वर्षातून एक-दोन सामने फूल लावायला एवढा विचार कशाला?

आणि त्या शिवलेल्या फुलाने पैसेही येतात. सामन्यात घातलेल्या जर्सींचा लिलाव होतो आणि रक्कम लीजनला जाते. तुमच्या डब्याला जे जमत नाही ते जर्सी करते.

बेलफास्टची_नर्स

अपशिंगेकर दादा, तुमच्या गावाच्या स्तंभावर तुमच्याच माणसांच्या आठवणी आहेत. आता उलटं कल्पून बघा.

फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन हा उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या क्रेगन वस्तीतला. 30 जानेवारी 1972 ला त्या शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा नंतर. त्यातले सहा क्रेगनचे होते. सरकारी चौकशीचा अहवाल 2010 मध्ये आला, तेव्हा पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षांनी!

हा मुलगा 2012 ला संडरलँडकडून खेळताना पॉपीशिवाय उतरला आणि पुढे प्रत्येक क्लबमध्ये दर नोव्हेंबरला तेच भोगत राहिला. 2014 मध्ये त्याने आपल्या विगन क्लबच्या अध्यक्षांना जाहीर पत्र लिहिलं. सार असं की दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, फूल फक्त त्यांच्यासाठी असतं तर मी वर्षभर लावलं असतं. पण ते नंतरच्या सगळ्या संघर्षांतल्या सैनिकांसाठीही आहे आणि त्यात माझं शहर येतं.

मी इथे चौदा वर्षं नर्स आहे. वॉर्डात एका खाटेवर माजी सैनिक असतो, शेजारच्या खाटेवर त्याच काळात भाऊ गमावलेला माणूस. नोव्हेंबरात कुणाच्या अंगावर फूल असतं, कुणाच्या नसतं. दोघांची मलमपट्टी मी सारखीच करते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. इथे राहिल्यावर हे न शिकवता कळतं.

पुणे_तीस

मॅक्लीनचं दुःख खरं आहे, मान्य. पण सोयीस्कर अर्धवट चित्र नको. तो ज्या लीगमध्ये खेळला, ज्या प्रेक्षकांच्या तिकिटांवर त्याचा पगार निघाला, त्यांच्याही घरांत मेलेली माणसं आहेत. पाहुणा म्हणून गेलात तर यजमानाच्या घरचं सुतक पाळता ना? पटत नसलं तरी मान खाली घालून उभं राहता.

शिवाय हे फूल लष्कराचा जयजयकार करत नाही. लीजनचा पैसा जातो कुठे? घर नसलेल्या, कर्जात बुडालेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या माजी सैनिकांकडे आणि त्यांच्या बायकापोरांकडे. त्यांनी युद्ध ठरवलं नव्हतं.

बेलफास्टची_नर्स

@पुणे_तीस, सुतकात मान खाली घालणं वेगळं आणि दुसऱ्याने आपल्या छातीवर टाचणी खुपसणं वेगळं. फूल न लावणं म्हणजे सुतक मोडणं नव्हे. आणि खुद्द लीजनची भूमिका हीच आहे की पॉपी स्वेच्छेने लावायचं, सक्ती केली तर त्याचा अर्थच जातो. ज्यांचं फूल आहे तेच असं म्हणतात, तर पुण्यातून आग्रह कशाला?

शाहू_स्टेडियम

कोल्हापूरचा आहे, लहानपणापासून तालमींचा फुटबॉल बघत मोठा झालो. पेठेपेठेतलं वैर काय असतं ते मला सांगायला नको. म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो: गर्दीला निमित्त लागतं. फूल नसतं तर केसांवरून, रंगावरून, धर्मावरून शिव्या दिल्या असत्या. मॅक्लीनला पडलेल्या शिव्यांत फुलाबद्दल कमी आणि तो आयरिश कॅथलिक असण्याबद्दल जास्त होतं.

बरं, फिफाचं प्रकरण कुणी काढलं नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंड-स्पेन सामना होता. जर्सीवर राजकीय चिन्ह चालत नाही म्हणून फिफाने पॉपी नाकारलं. राजपुत्र विल्यम आणि पंतप्रधान मध्ये पडले, शेवटी दंडावरच्या काळ्या पट्टीवर फूल चाललं. मग 2016 ला, नेमक्या 11 नोव्हेंबरलाच, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्याच तारखेला, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. पुन्हा मनाई. दोन्ही संघ पट्ट्या बांधूनच उतरले. इंग्लंडला 45,000 स्विस फ्रँक दंड, स्कॉटलंडला 20,000. वेल्स आणि उत्तर आयर्लंडलाही भुर्दंड. 2017 मध्ये फिफानेच नियम सैल केला.

आता मला सांगा, तेव्हा अख्खं ब्रिटन काय म्हणत होतं? "आम्ही काय लावायचं ते दुसऱ्याने ठरवू नये." अगदी बरोबर! मग तोच न्याय मॅक्लीनला का नाही? मातिचला का नाही? नेमान्या मातिच 2018 ला मँचेस्टर युनायटेडकडून पॉपीशिवाय खेळला. 1999 मध्ये नाटोने सर्बियावर बॉम्ब टाकले तेव्हा तो व्रेलो नावाच्या गावात घाबरलेला लहान मुलगा होता. त्याने तेवढंच शांतपणे सांगितलं आणि इतरांच्या फुलाचा मान राखतो असंही लिहिलं.

अपशिंगेकर

शाहू भाऊ, फिफाचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ऐच्छिक-ऐच्छिक म्हणत सगळंच सोडून दिलं की काय होतं ते मी घरात पाहिलंय.

7 डिसेंबर, आपला सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून. किती जणांना आठवतो? माझी आई सैनिकाची विधवा. आम्ही दोघं भावंडं सैनिकी मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलो, आणि असली वसतिगृहं ध्वजनिधीच्या आधारावर चालतात. कुणीतरी कुणाच्या तरी खिशाला हात घालायला लावला म्हणून माझं शिक्षण झालं. त्या माणसाने मनापासून दिले की साहेबाच्या धाकाने, याने माझ्या जेवणाच्या ताटात काही फरक पडला नाही. भूक लागलेल्याला दात्याचं मन दिसत नाही ताई, ताट दिसतं.

वही_पेन

अपशिंगेकर, हे वाचून थांबले. पण दुसरी बाजू मी लहानपणी पाहिलीय.

आमच्या शाळेत ध्वजदिनाला प्रत्येकी दहा रुपये आणायचे, आणले की खिशाला तो तीन रंगांचा छोटा झेंडा. माझे वडील त्या वर्षी गिरणीतून घरी बसले होते. माझ्या खिशाला झेंडा नव्हता. वर्गात बाईंनी "ज्यांनी आणले नाहीत ते उभे राहा" म्हटलं. पाच जणं उभी राहिलो. ध्वजदिन म्हटलं की आजही मला सैनिक आठवत नाही, तो बाक आठवतो. मी आता दरवर्षी पैसे पाठवते, ऑनलाइन, आणि झेंडा घेत नाही. म्हणून लेस्टरच्या त्या आजोबांचं मला लगेच समजलं.

आपल्याकडे गुप्तदानाला थोर म्हणतात आणि देवळाच्या पायरीपायरीवर देणाऱ्याचं नावही कोरतात. दोन्ही आपलंच आहे. पण पायरीवर नाव नाही म्हणून कुणाला देवळाबाहेर काढत नाहीत.

कुतचा_पणतू

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, कुतच्या वेढ्यात अडकले. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916. शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेले ते परत आले नाहीत. घरात फोटोसुद्धा नाही.

ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री नावाचं स्मारक आहे. तिथल्या रुग्णालयांत मेलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन त्या जागी झालं. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला 4,700 हून अधिक नावं आहेत, कबर नसलेल्या हिंदुस्थानी सैनिकांची. मी पॉपी लावतो ते ह्यांच्यासाठी. 2018 ला लीजनने खादीचं पॉपी काढलं होतं, ते मी जपून ठेवलंय. स्टेडियममध्ये स्तब्धता पाळतात तेव्हा शेजारच्या गोऱ्या माणसाला कल्पनाही नसते की ह्यात माझाही माणूस आहे. म्हणून जर्सीवर फूल असावं असंच माझं मत. ते दिसलं तर लहान पोर विचारतं, आणि विचारलं तर मला सांगता येतं.

पुणे_तीस

+१. हेच म्हणायचं होतं.

वही_पेन

@कुतचा_पणतू, तुमच्या पणजोबांना नमस्कार. पण त्याच सैन्याने 1919 च्या एप्रिलमध्ये जालियनवाला बागेत काय केलं? गोळ्या झाडणारे शिपाईही आपल्याकडचेच होते. अमृतसरच्या एखाद्या कुटुंबातल्या मुलाने इंग्लंडात खेळताना फूल नको म्हटलं तर तुम्ही त्याला काय सांगाल?

कुतचा_पणतू

तुमच्या प्रश्नावर बराच वेळ बसून होतो. त्याला मी काहीही सांगणार नाही. माझ्या पणजोबांची गोष्ट सांगेन, त्याच्या घरची ऐकून घेईन. पण माझं फूल काढणार नाही.

लेस्टरवाली

सगळ्यांचं दोनदा वाचलं. अपशिंगेकर, ताटाचं तुमचं बोलणं मला खोल लागलं. माझ्या डब्यातल्या नोटेवर कुणाच्या मनाचा शिक्का नसतो हे खरंय आणि ती कुणाच्या तरी घरात जाते हेही. पण तुमच्याच न्यायाने त्या आजोबांची वीसची नोट त्या ताटात पोचली, आणि शिवी मात्र त्यांनाच बसली. माझं मत आहे तिथेच आहे: जर्सीवर फूल ठेवा हवं तर, पण प्रत्येक खेळाडूला दोन जर्सी द्या, एक फुलाची, एक बिनफुलाची, आणि ड्रेसिंग रूममध्ये कुणी कुठली उचलली ते बाहेर विचारू नका.

अपशिंगेकर

दोन जर्सी म्हणजे टीव्हीवर बावीस जणांची मोजदाद सुरू. तुमचा हेतू चांगला आहे ताई, पण तो त्या पोरालाच जास्त उघडं पाडेल. मी अजूनही म्हणतो, संघाने एकत्र ठरवावं. सगळ्यांनी लावा नाहीतर कुणीच नको. कुणीच नको ठरलं तरी मला चालेल, डबा आहेच.

लेस्टरवाली

"कुणीच नको" हे तुमच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं. ह्यावर विचार करते.

@कुतचा_पणतू, तुम्ही लेस्टरपासून जवळ असाल तर येत्या शनिवारी दुपारी दोन ते चार माझ्या जोडीला कुणी नाही. ट्रे जड नसतो, उभं राहावं लागतं एवढंच. ते खादीचं फूल लावून आलात तर मला बघायचंय.

कुतचा_पणतू

कॉव्हेंट्रीत आहे. पावणेदोनला पोचतो.